कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या हातात या डॉक्टरने धनुष्यबाण का दिला?

जून २०२४ मध्ये चंदू चॅम्पियन थिएटरला लागला आणि मुरलीकांत पेटकर हे नाव पुन्हा सगळ्यांच्या फीडवर आलं. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे पेटकर लष्करात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात गेली. पुढे १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं.

पण ज्या स्पर्धेत पेटकर उतरले, ती सुरू कुणी केली? एका डॉक्टरने. आणि त्याच्या डोक्यात सुरुवातीला पदकं वगैरे काही नव्हतं. त्याच्या डोक्यात होते खांदे.

ही त्या डॉक्टरची, लुडविग गुटमन यांची गोष्ट. आणि त्यांनी वाचवलेल्या माणसांच्या खांद्यांचं पुढे काय झालं, त्याचीही.

पाच आठवड्यांचा पेशंट

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा. गाव टोस्ट, तेव्हा जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात होतं, आज पोलंडमध्ये आहे. ज्यू कुटुंब. ते लहान असतानाच घर क्योनिग्सह्युटं या खाणींच्या गावी हलवलं. तिथे कोळशाच्या खाणी, आणि खाणी म्हटल्या की अपघात आलेच.

१९१७ साली शाळा संपवून ते तिथल्या अपघाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करायला लागले. एक दिवस धडधाकट तरुण खाणकामगार आणला गेला. पाठीचा कणा मोडलेला, कमरेखाली संवेदना नाही. गुटमन त्याची माहिती लिहून घ्यायला बसले तर वरिष्ठांनी सांगितलं की एवढा त्रास घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. त्याला पडद्याआड ठेवण्यात आलं. पाच आठवड्यांत तो गेला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कणा मोडला म्हणून माणूस मरत नाही. तो खाणकामगार मेला तो जंतुसंसर्गाने. संवेदना नसलेलं शरीर एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडांच्या उंचवट्यावरची कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही, मांस सडतं. त्याला आपल्याकडे शय्याव्रण किंवा बेडसोअर म्हणतात. दुसरीकडे लघवी तुंबून मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जातो. पहिल्या महायुद्धात कण्याला मार लागलेले बहुतेक सैनिक असेच गेले. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या होत्या, पण टाळायच्या कशाला, तो तर जाणारच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

गुटमन यांच्या मनात तो खाणकामगार राहिला. पुढे आयुष्यभर ते त्याच्याबद्दल सांगत असत.

६४ पैकी ६०

१९२४ साली ते डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाऊ शहरात ऑटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली मज्जासंस्थेचं काम शिकले. फोर्स्टर म्हणजे त्या काळातलं युरोपातलं फार मोठं नाव. गुटमनही त्याच वाटेने चालले होते. पण १९३३ ला हिटलर सत्तेत आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी दवाखान्यांची दारं बंद झाली. गुटमन शहरातल्या ज्यू हॉस्पिटलमध्ये गेले, १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. जर्मनीभर ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली जात होती. गुटमन यांनी हॉस्पिटलला हुकूम दिला की दारात जो येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्या. सकाळी गेस्टापोचे लोक आले. रात्रीत एवढे पेशंट कसे वाढले, हा त्यांचा प्रश्न होता. गुटमन त्यांना खाटेखाटेवर घेऊन फिरले आणि प्रत्येकाला काहीतरी आजार चिकटवत गेले. ६४ जणांपैकी ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले. डॉक्टरकीतलं हे कौशल्य कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

त्यानंतर नाझी सरकारनेच त्यांना पोर्तुगालला पाठवलं. तिथला हुकूमशहा सालाझार, त्याच्या एका मित्रावर उपचार करायचे होते. परतीच्या वाटेवर लंडन होतं. ब्रिटनमध्ये निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या संस्थेने सोय लावली, आणि मार्च १९३९ मध्ये गुटमन पत्नी आणि दोन मुलांसह ऑक्सफर्डला पोहोचले. चाळिशीला आलेला, मोठं हॉस्पिटल चालवलेला माणूस, आणि आता दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत, संशोधनाच्या टेबलावर.

स्टोक मँडव्हिल

१९४३ च्या सुमाराला ब्रिटिश सरकारला कळत होतं की युरोपात फौजा उतरवल्या की कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार. त्यांच्यासाठी वेगळं केंद्र हवं होतं. हे काम अंगावर घ्यायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं, कारण पेशंट मरणारच अशी ख्याती. गुटमन यांनी घेतलं, फक्त आपल्या पद्धतीने काम करू द्यायचं एवढ्या अटीवर. १ फेब्रुवारी १९४४ ला लंडनच्या वायव्येला स्टोक मँडव्हिल इथे केंद्र सुरू झालं.

पहिलं काम त्यांनी काय केलं? पेशंटना प्लास्टरच्या साच्यांतून बाहेर काढलं आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम लावला. दिवसा आणि रात्रीही. रात्री ते स्वतः वॉर्डात उगवायचे आणि नियम पाळला जातोय का ते बघायचे. लघवीची नळी टाकताना स्वच्छतेचा काटेकोरपणा. नर्सेस वैतागायच्या, बाकीचे डॉक्टर हसायचे. पण पेशंट जगायला लागले. स्वभावाने हा माणूस कडक, हट्टी, ओरडणारा. तरी पेशंट त्यांना पॉपा म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत बाप.

मग पुढचा प्रश्न आला. जगले, पण आता करायचं काय?

पाठीतला एक स्नायू

इथे गुटमन यांच्यातला मज्जासंस्थेचा डॉक्टर कामाला आला. आपल्या पाठीत एक मोठा पसरट स्नायू असतो. तो दंडाच्या हाडापासून निघतो आणि पाठीवरून खाली थेट कमरेच्या हाडापर्यंत जातो. गंमत अशी की त्याला आज्ञा देणाऱ्या नसा निघतात मानेतून. म्हणजे छातीच्या किंवा पोटाच्या पातळीवर कणा मोडला तरी हा स्नायू शाबूत राहतो. त्याचं एक टोक जिवंत भागात आणि दुसरं लुळ्या पडलेल्या भागात. जणू दोन काठांना जोडणारा पूलच.

हा स्नायू कमावला तर पोटा-पाठीची ताकद गेलेला माणूससुद्धा टेकू न घेता बसू शकतो, तोल सांभाळू शकतो, हे गुटमन यांनी ओळखलं. आणि तो कमावायचा कसा? धनुष्य ओढून. तिरंदाजीत खांदा, दंड, पाठ सगळं लागतं, आणि बसल्या बसल्या तोलही धरावा लागतो. शिवाय बाण मारताना समोरचा दोन पायांवर उभा आहे की खुर्चीत बसलाय याने काही फरक पडत नाही. धनुष्यबाणाचं कोडं इथे सुटतं.

आधी एक प्रयोग पोलोचाही झाला होता. व्हीलचेअरवर बसून, चालायच्या काठ्या उलट्या धरून चकती मारायची. पण इतकी धडकाधडकी व्हायला लागली की तो बंद करावा लागला. मग नेटबॉल आला, पुढे बास्केटबॉल.

२९ जुलै १९४८ ला लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. नेमका तोच दिवस धरून गुटमन यांनी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा ठेवली. खेळाडू १६. त्यात १४ पुरुष, २ महिला. लोकांना गंमत वाटली असेल. १९५२ ला नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० ला रोम, तिथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू. राहायच्या इमारतींना जिने होते, त्यामुळे इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेलं. आज हीच स्पर्धा पहिली पॅरालिम्पिक म्हणून मोजली जाते. १९६८ ला तेल अवीवमध्ये भारत पहिल्यांदा उतरला, त्या संघात पेटकर होते. चार वर्षांनी हायडेलबर्ग.

१९६६ मध्ये गुटमन यांना सर हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० ला, वयाच्या ८० व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले.

बहुतेक लेखांत त्यांची गोष्ट इथे संपते. खरं तर अर्धी गोष्ट इथून सुरू होते.

खांदा हा पाय नाही

गुटमन यांच्या आधी कणा मोडलेल्या माणसाचा खांदा झिजतो की नाही, हा प्रश्नच नव्हता. तेवढं कुणी जगतच नव्हतं. त्यांचे पेशंट दहा, वीस, तीस वर्षं जगले. हातांनी चाक ढकलत, हातांवर अंग उचलत. आणि मग खांदे दुखायला लागले. ब्रिटनमध्ये १९७९ साली, म्हणजे गुटमन हयात असतानाच, कण्याला इजा झालेल्या लोकांची पाहणी छापून आली. त्यात जवळपास निम्म्या लोकांनी खांदेदुखी सांगितली होती.

कारण समजायला आधी दोन सांधे बघू. आपला खुबा उखळात बसलेल्या मुसळासारखा असतो. खोल, घट्ट, वजन पेलायलाच बनलेला. खांदा मात्र बशीवर ठेवलेल्या लाडवासारखा. बशी उथळ, लाडू मोठा. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, पण लाडू बशीवर टिकवून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंना करावं लागतं. या चार स्नायूंच्या शिरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, अगदी चिंचोळ्या फटीतून जातात.

व्हीलचेअरवाला माणूस खुर्चीतून पलंगावर जाताना दोन्ही हात टेकवून अंग वर उचलतो. त्या क्षणी अख्ख्या धडाचं वजन खांद्यावर येतं, दंडाचं हाड वर सरकतं आणि ती फट आणखी आवळली जाते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असा प्रसंग चालू असताना सांध्याच्या आतला दाब मोजला, तो अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. दाब २५० च्या वर गेला होता. आपलं रक्तदाबाचं वरचं माप १२० च्या आसपास असतं, हे लक्षात घ्या. म्हणजे तेवढा वेळ त्या शिरांना रक्त पोहोचणंच अवघड. एकदा झालं तर ठीक. दिवसात पंधरा-वीस वेळा, आणि तेही वर्षानुवर्षं?

आता चाक ढकलण्याकडे येऊ. साध्या चालीने जाताना सेकंदाला साधारण एक धक्का लागतो आणि खुर्ची मीटरभर पुढे जाते. म्हणजे एक किलोमीटरला हजाराच्या आसपास धक्के. त्यात सगळी ताकद चाक फिरवण्यात जातच नाही. बरीचशी रिंग घट्ट धरण्यात आणि दाबण्यातच वाया जाते. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष कामी येते. पायाने सायकल चालवताना हे प्रमाण दुप्पट किंवा जास्त असतं.

चढ आला की गणित अजून बिघडतं. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलो धरा. नियमाप्रमाणे बांधलेला रॅम्प असतो १२ फुटांना १ फूट चढणारा. त्यावर खुर्ची नुसती मागे घसरू नये म्हणून साडेसहा किलोचा जोर सतत लागतो. पण हात सतत ढकलत नसतात, निम्म्याहून जास्त वेळ ते रिंग सोडून मागे येत असतात. म्हणून ढकलण्याच्या क्षणी खरा जोर याच्या दुपटीहून वर जातो. आपल्याकडच्या कित्येक सरकारी इमारतींचे रॅम्प बघितले तर १२ ला १ हा लाडच म्हणायचा.

दुखणं फक्त खांद्याचं नसतं. मनगट वाकवून सारखं रिंगवर आपटल्याने तळहाताकडे जाणारी नस दबते, बोटांना मुंग्या येतात. पायांना संवेदना नाही, आणि आता बोटंही बधिर.

आस दोन बोटं पुढे

मग उपाय काय? गुटमन यांची दिशा होती ताकद कमवायची, आणि ती चुकीची नव्हती. पण चाक ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायूच कामाला लागतात. ते तट्ट होतात, मागचे कच्चे राहतात आणि खांदा पुढे ओढला जातो. म्हणून आजचे फिजिओथेरपिस्ट रबरी पट्टा मागे ओढायचा व्यायाम देतात. जाता जाता, धनुष्य ओढणं हाही मागे ओढण्याचाच व्यायाम आहे. गुटमन यांनी तो तोल डोळ्यांपुढे ठेवून निवडला होता, पण खांद्याचंही त्यात भलंच होतं.

दुसरा उपाय खुर्चीत आहे, आणि तो बघायला गुटमन राहिले नाहीत. त्यांच्या काळातल्या खुर्च्या पोलादी किंवा लाकडी, वीस किलोच्या वर. १९८० साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन नावाच्या बाईंनी दोन मित्रांबरोबर क्विकी नावाची खुर्ची बाजारात आणली. त्या हँग ग्लायडरवरून पडून अपंग झाल्या होत्या. ग्लायडरला लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्याच नळ्या त्यांनी खुर्चीला वापरल्या आणि वजन १२ किलोवर आलं.

पण वजनापेक्षाही मोठी करामत चाकाच्या आसाच्या जागेत आहे. हॉस्पिटलमध्ये दिसणाऱ्या खुर्चीत मोठं चाक बरंच मागे असतं. कारण ती खुर्ची उलटू नये आणि दुसऱ्याने ढकलावी, अशा हिशोबाने बनलेली असते. तीच स्वतः ढकलायची म्हटली तर हात मागे ताणावा लागतो, रिंगचा छोटाच तुकडा हाती येतो आणि वजन पुढच्या छोट्या चाकांवर पडून ती रुततात. आस थोडा पुढे घेतला की रिंग जास्त वेळ हातात राहते, धक्के कमी लागतात. फार पुढे घेतला तर मात्र खुर्ची मागे कलंडते, म्हणून हे थोडं थोडं करत माणसागणिक जुळवावं लागतं.

बसण्याच्या उंचीचंही माप आहे. रिंगच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर हात ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडं जास्त, १०० ते १२० अंश उघडलेलं हवं. आणि ढकलण्याची रीत अशी: लांब, सावकाश धक्का द्यायचा. हात सोडल्यावर वरून उचलून मागे न आणता खाली सैल सोडायचा आणि रिंगच्या खालच्या बाजूने मागे न्यायचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००५ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका निघाली, तिच्यात हेच सांगितलं आहे. हे सगळं फुकटात होणारं आहे, पण खुर्ची देताना कुणी शिकवलं तर.

बावड्यात हे कसं चालणार?

इंदापूरहून अकलूजला जाताना बावडा लागतं. तुकोबांची पालखी जाते तोच रस्ता. डांबरी रस्त्यावर खुर्ची चालेल हो. पण रस्ता सोडला की उसाच्या शेतांमधून वस्तीवर जाणारी वाट, काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि एरवी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. छोटी पुढची चाकं अशा जागी पहिल्या दहा फुटांतच रुततात. १० टक्के कामी येणारी ताकद इथे काय कामाची?

म्हणून गावाकडे व्हीलचेअरपेक्षा हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल जास्त दिसते. तिला मागासलेली समजायचं कारण नाही. पेडल फिरवताना जोर सलग लागतो, हात सोडून पुन्हा पकडायची भानगड नाही, आणि तेवढ्याच दमात ती रिंग ढकलण्यापेक्षा लांब जाते. खांद्यालाही तुलनेने सुसह्य. केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या ॲडिप योजनेतून अशा सायकली आणि खुर्च्या दोन्ही मिळतात. अडचण एवढीच की ही सायकल उंबऱ्याच्या आत येत नाही.

आणि खरा भार उंबऱ्याच्या आतच आहे. आपल्याकडे जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, आंघोळ मोरीत. जमिनीवरून खुर्चीत चढणं म्हणजे दीड-दोन फूट अख्खं अंग हातांवर उचलणं. वर सांगितलेला तो २५० चा दाब समान उंचीच्या बदल्यातही येऊ शकतो, तर इथलं काय बोलावं. खुर्चीच्याच उंचीचा पलंग, मोरीत तेवढाच उंच पाट किंवा स्टूल, मधे टाकायला एक गुळगुळीत फळी. सुताराकडे होणारं काम आहे. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मोठ्या शहरांत अशा जागा सापडतात. बावड्याहून पुणे मात्र सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि तिथवर जायला एसटीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दर दोन तासांनी कूस बदलायचा गुटमन यांचा नियम आज तालुक्याच्या दवाखान्यातली नर्ससुद्धा घरच्यांना सांगते. आस किती पुढे हवा, हे मात्र खुर्ची वाटपाच्या कार्यक्रमात अजून कुणी मोजताना दिसत नाही.